पहिली फुंक

३ मार्च

धाकट्या,

आज सकाळी साडेदहाला तुमच्या केंद्रात गेलो. फाटकावर नाव लिहिलं, सही केली, पाहुण्याचा बिल्ला लावून घेतला. दुसऱ्या मजल्यावर चाळीस मिनिटं बसलो. मग काउंटरवरच्या बाईंनी तुझ्या वहिनीची फाईल दिली. बाराला घरी आलो. जेवलो नाही. दुपारभर फाईल वाचली. चार वाजता परत जाऊन तुझ्याविरुद्ध लेखी तक्रार दिली आणि पोच घेतली.

तू दिसला नाहीस. मला बघून आत गेलास की सुट्टीवर होतास, ते तुला ठाऊक.

दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो. फोनवर आपलं काय होतं ते दोघांनाही माहीत आहे. तक्रारीत जे लिहिलं तेच इथे उतरवतो, म्हणजे मागाहून शब्दाला शब्द नको.

"माझ्या पत्नीला, वय एकसष्ट, फुप्फुसं वण पडून घट्ट होत जाण्याचा आजार होता. या केंद्रात श्वास मोजण्याचं काम करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाच्या सांगण्यावरून ती गेल्या ऑगस्टमध्ये नव्या गोळीच्या अभ्यासात दाखल झाली. घरी एक यंत्र दिलं होतं. रोज सकाळी सातला त्यात तीनदा फुंकायचं आणि किती लिटर श्वास सुटला त्याचे आकडे आपोआप केंद्राला जायचे. आकडा आठवडाभर सलग एक दशांशाने घसरलेला राहिला तर केंद्र ताबडतोब बोलावून घेईल, असं लिहून दिलं होतं. एकदाही बोलावलं नाही. ४ फेब्रुवारीला श्वास घेता येईना म्हणून तिला इस्पितळात नेलं. ७ तारखेला ती गेली. घरचे आकडे बघण्याचं काम माझ्या भावाकडे होतं. ते आकडे खरे नाहीत."

आता हे का लिहिलं ते सांगतो. फाईलच्या शेवटी आलेख आहे. पहिले तीन आठवडे आकडा हलतो. १.९२, १.८४, १.९७. माणसाचा श्वास असाच असणार. एक सप्टेंबरपासून मात्र पट्टी ठेवून ओढल्यासारखी रेघ. १.९८, २.०१, १.९९, २.००. पाच महिने. ज्या सकाळी मी तिला खुर्चीवरून उचलून खाली नेलं, त्या सकाळीसुद्धा २.००.

मी चौतीस वर्षं दुकानदारांची वजनमापं तपासली. खरा काटा थोडा हलतोच. ज्याच्या वहीत रोज एकच आकडा असतो तो मोजत नसतो, नुसता लिहीत असतो. असे कितीतरी पकडले. त्यात आपल्या घरचा माणूस असेल असं वाटलं नव्हतं.

तरीही मी गप्प बसलो असतो. पण त्या रेघेच्या पुढे, थोडी जागा सोडून, एकच ठिपका आहे. ९ फेब्रुवारी. २.०१.

ती ७ ला गेली. मग ९ ला तिच्या नावावर कोण फुंकलं? गेलेल्या बाईचा श्वास मांडताना तुझा हात कसा धजावला, एवढंच मला विचारायचं आहे.

यंत्र परत मागत आहेत. मी दिलेलं नाही. तो पुरावा आहे.

तुझा मोठा भाऊ


१० मार्च

धाकट्या,

तुझी चिठ्ठी मिळाली. चार ओळींची आहे, म्हणून इथे पुन्हा लिहितो, म्हणजे नंतर तू नाही म्हणायला नको. "दादा, मी आकडे बसवलेले नाहीत. मला घरी बसवलंय, चौकशी २८ ला आहे. यंत्राची फुंकेगणिक यादी असते, ती तू माग. मी मागितली तर फेरफार केला म्हणतील. वहिनीची शपथ घेत नाही, तुला राग येईल."

राग आलाच.

दोष सिद्ध झाला तर तुला पुन्हा कुठल्याही केंद्रात उभं करणार नाहीत, असं मला काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं. तिथे सगळे तुला फुंकेमास्तर म्हणतात म्हणे. "फुंकेमास्तरांशिवाय पेशंट नीट फुंकतच नाहीत हो," असं त्या मलाच ऐकवत होत्या. ऐकून मला वाईटही वाटलं नाही. हे खरं ते लिहितो.

तू म्हणशील दादाला पहिल्यापासून संशय. होता. तू ते यंत्र घेऊन आलास तो दिवस आठव. साबणाच्या वडीएवढं पांढरं यंत्र, पुढे नळी, वर एक दिवा. फुंक नीट झाली तर हिरवा, नाही तर लाल. आकडा कुठेच नाही. मी विचारलं, "याला तपासणीचा शिक्का कुठाय?" तू हसलास. म्हणालास, "दादा, हा भाजीवाल्याचा काटा नाही." तुझी वहिनीही हसली. तिचं हसणं वेगळं होतं आणि तुझं वेगळं.

तीन आठवडे मी गप्प राहिलो. मग एक सप्टेंबरपासून यंत्र रोज सकाळी स्वतः तपासून तिच्या हातात देत होतो. माझ्याकडून कसलीही कसूर झालेली नाही, हे चौकशीतही सांगणार आहे.

आणि १४ जानेवारीचा तुझा फोन. "वहिनीचे आकडे जरा जास्तच सरळ येतायत, दादा. तिथे फुंकतंय कोण?" असं विचारलंस. म्हणजे चोर आम्ही. तेव्हा मी फोन ठेवला. आता मला कळतं की आळ आमच्यावर यावा म्हणून तू आधीच तजवीज करत होतास. माझ्या नोकरीत हे नेहमीचं होतं. ज्याच्या तराजूला चोरून पासंग बांधलेला असायचा, तोच आधी ओरडायचा की गिऱ्हाईक वजनं बदलून नेतं.

ती तुझ्याशी शेवटी कधी बोलली ते मला माहीत नाही. माझ्यासमोर बोलली नाही.

यादी मागतो आहे. तू सांगितलंस म्हणून नव्हे.

मोठा भाऊ


१७ मार्च

धाकट्या,

आज अकराला तुमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना भेटलो. खोली लहान आहे. भिंतीवर फुप्फुसांचं चित्र, टेबलावर कागदी नळ्यांचा खोका, खिडकीत बुटकं झाड. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि फोन बंद करून उलटा ठेवला. हे मला आवडलं.

"तुमचा यंत्रावर विश्वास नव्हता का?" त्यांनी विचारलं.

"आकडा न दाखवणाऱ्या काट्यावर कोणाचा असेल?"

"आकडा मुद्दाम लपवतो आम्ही. कमी दिसला की माणूस घाबरतो, जास्त दिसला की आळस करतो."

"दुकानदारही हेच सांगायचे," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. मी पण विचारलं असतं." मग त्यांनी नोव्हेंबरचा कागद काढला. तेव्हा केंद्रात तिचा आकडा १.८ आला होता आणि घरी २.० येत होता. "घरी माणूस मोकळा असतो, चांगला फुंकतो, असं आम्ही धरून चाललो," त्या म्हणाल्या. "तुमच्या भावाने तेव्हाही हा फरक लिहून ठेवला होता. हे बघा." तुझं अक्षर होतं. मी बघितलं.

"पुढची तपासणी वीस जानेवारीला होती," त्या म्हणाल्या. "ती झाली नाही."

"हो. पुढे ढकलली."

"कोणी?"

मी म्हणालो, तब्येतीमुळे.

मग त्यांनी विचारलं, "घरी यंत्र आणखी कोणी वापरायचं?"

मी नाही म्हणालो.

त्यांनी यादी दिली. अठ्ठावीस पानं आहेत. प्रत्येक फुंक वेगळी, तारीख आणि वेळेसकट. घरी आणली आहे. पहिली दोन पानं वाचली. बाकीची सवडीने वाचेन.

एक विचारतो, त्याचं तेवढंच उत्तर पाठव, बाकी काही लिहू नकोस. यंत्र एकदा बंद करून पुन्हा सुरू केलं की आधीची फुंक पुसली जाते ना?

दादा


२२ मार्च

धाकट्या,

तुझं उत्तर आलं. "नाही पुसली जात. दिवसभरातली सगळ्यात मोठी फुंक त्या दिवसाची म्हणून धरतात." मी सांगितल्याप्रमाणे तू आणखी काही लिहिलं नाहीस. लिहिलं असतंस तर मला भांडायला काहीतरी मिळालं असतं.

यादी पूर्ण वाचली. पाच दिवस लागले. पट्टी ठेवून वाचली.

एक सप्टेंबरपासून रोज पहिली नोंद सहा अठ्ठावन्नची आहे. एकच फुंक, चार सेकंदांची. दोनच्या आसपास. मग पाचसहा मिनिटं काही नाही. मग सात चारला, सात पाचला तीन फुंका. आलेखात गेलेली रेघ सहा अठ्ठावन्नची आहे. सातनंतरच्या तीन फुंका कधी कोणी पाहिल्याच नाहीत, कारण त्या लहान होत्या.

सहा अठ्ठावन्न म्हणजे मी.

कसं ते सांगतो, म्हणजे तुला चौकशीत कोणी विचारलं तर उत्तर देता येईल. काटा तपासायचा तर त्यावर रोज एकच ठरलेलं वजन ठेवायचं, हे मी चौतीस वर्षं केलं. इथे वजन नव्हतं, म्हणून मी श्वासाचंच वजन केलं. बेताचा श्वास घ्यायचा, मनात चार मोजत सोडायचा, थांबायचं. रोज तेवढाच. हिरवा दिवा लागला की यंत्र ठीक. ज्या दिवशी त्याच फुंकेला लाल लागेल त्या दिवशी तुम्हाला पकडायचं. मग बटण दाबून बंद करायचं, नळी गरम पाण्यातून काढून पुसायची, पुन्हा सुरू करून तिच्या हातात द्यायचं. बंद केलं की माझं पुसलं गेलं, असं मी धरून चाललो. कोणाला विचारलं नाही. तुला तर नाहीच.

पहिल्या आठवड्यात तिने विचारलं होतं, "हे रोज आधी तुम्ही का फुंकता? राजाच्या ताटातलं आधी नोकराने चाखून बघावं तसं?"

मी म्हणालो, "तसंच समज."

"मग राजा म्हणून एक कप चहा आणा," ती म्हणाली. त्यानंतर सहा अठ्ठावन्नला फुंक आणि सातच्या आत तिच्या हातात चहा, असं होऊन बसलं. तुझ्याजवळ बोललीही नसेल. त्यांना बरं वाटतंय, तर करू दे, असा तिचा स्वभाव तू जाणतोस. तू नऊ वर्षांचा असताना ती या घरात आली आणि तुझी सगळी खोटी दुखणी तिने अशीच खरी मानून घेतली.

आता सातनंतरचे आकडे. ऑक्टोबरात १.८३. नोव्हेंबरात १.७८. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात १.६९, आणि मग वर आलाच नाही. तुमच्या नियमाने हिशेब केला. १२ डिसेंबरला केंद्राने तिला बोलावलं असतं. १२ डिसेंबर ते ४ फेब्रुवारी, चोपन्न दिवस. शेवटच्या सकाळी तिच्या तीन फुंकांपैकी दोन लाल आहेत. तिसरी १.०९.

तिने सांगितलं नव्हतं असं नाही. डिसेंबरात ती जिन्यात मधेच थांबायची आणि पर्समध्ये किल्ली शोधायची. किल्ली माझ्या हातात असायची. भाजी चिरायला स्टूल ओढून बसू लागली. म्हणाली, "मला आता श्वास पुरत नाही हो." केंद्राकडून दर सोमवारी निरोप यायचा, या आठवड्याचे आकडे स्थिर आहेत. मी तो वाचून दाखवायचो. म्हणायचो, "यंत्र मी स्वतः तपासलंय. आकडा स्थिर आहे. हे तुझ्या मनाचे खेळ आहेत." तिने ते ऐकलं. पुढे म्हणायची सोडली.

म्हणजे बघ, तुमच्यावर माझा विश्वास नव्हता, यंत्रावर नव्हता, तिच्या सांगण्यावरही नव्हता. विश्वास होता तो माझ्या तपासणीवर.

वीस जानेवारीची तपासणी पुढे गेली ती तब्येतीमुळे नाही. तुझ्या फोनचा राग म्हणून मी पुढे नेली. केंद्रात फोन करून दहा फेब्रुवारी मागून घेतली आणि तिला सांगितलं की त्यांनीच बदलली.

राहिला ९ फेब्रुवारी. आदल्या दिवशी सगळे लोक गेले. सकाळी उठलो, चहाचं पाणी ठेवलं, यंत्र काढलं, फुंकलो. हिरवा दिवा लागला. बंद केलं, नळी धुतली, पुसली, सुरू केलं आणि घेऊन खोलीत गेलो. हे मला यादी वाचेपर्यंत आठवत नव्हतं, असं म्हणणार होतो. आठवत होतं. त्याचा त्या ठिपक्याशी संबंध असेल हे मनात येऊ दिलं नाही. यादीत त्या दिवशी सहा अठ्ठावन्नची एक नोंद आहे. तिच्याखाली काही नाही.

हे पत्र आधी तुला. चौकशीत २८ ला मी स्वतः सांगेन. तू आधी कोणाला दाखवलंस तरी माझी हरकत नाही.

दादा


२८ मार्च

धाकट्या,

तू तिथे होतास, तरी लिहितो. समोर बोलताना माझी अर्धी वाक्यं राहून जातात.

तिघं जण विचारणारे असतील असं वाटलं नव्हतं. तू भिंतीशी बसला होतास आणि तुझा शर्ट गळ्यापाशी सैल झालाय हे मला दिसलं. मी कागद वाचून दाखवला. त्यातल्या चष्मेवाल्याने विचारलं, "म्हणजे तक्रार मागे घेता?" मी म्हणालो, "मागे घेत नाही. तक्रार बरोबर आहे, आकडे खोटे आहेत. माणूस चुकीचा लिहिला होता. तिथे माझं नाव घाला." तू मान वर केलीस तेव्हा मी दुसरीकडे बघितलं.

तुला सोमवारी कामावर बोलावलंय, हे डॉक्टरीणबाई माझ्यासमोर बोलल्या, म्हणून इथे नोंदवतो.

तू बाहेर गेल्यावर मी त्यांना विचारलं, डिसेंबरात कळलं असतं तर? त्या म्हणाल्या, "गोळी बंद केली असती. ऑक्सिजन घरी दिला असता. दुसरं औषध सुरू केलं असतं. वाचल्या असत्या का, ते मी सांगू शकत नाही. आणि सांगू शकत नाही हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये." मी त्यांचे आभार मानले.

मग त्यांनी सांगितलं की दुसऱ्या माणसाची फुंक मिसळली, म्हणून तिच्या सगळ्या घरच्या नोंदी अभ्यासातून काढाव्या लागतील. मी म्हणालो, सातनंतरच्या तिच्या आहेत. त्या तिने जीव तोडून दिलेल्या आहेत, शेवटची तर खुर्चीच्या हाताला धरून. त्या ठेवा. माझ्या काढा. त्या म्हणाल्या, वर विचारावं लागेल, पण आधी कोणती कोणाची ते तुम्हाला स्वतः खूण करून द्यावं लागेल. तुमच्याकडे खोडरबर चालत नाही, हे मला माहीत नव्हतं. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला सही, तारीख आणि कारण. ही पद्धत चांगली आहे. आमच्याकडे असायला हवी होती.

एकशे अठ्ठावन्न नोंदी होत्या. कारण म्हणून प्रत्येकापुढे "पतीची फुंक" असं लिहिलं. तू चौथ्या पानाला आत आलास आणि समोर बसलास. पट्टी सरकत होती म्हणून दुसऱ्या टोकाला बोट ठेवलंस. नवव्या पानापर्यंत ठेवलंस, मग उठलास.

बाहेर तू म्हणालास, "तू फोन ठेवलास म्हणून मी पण फुगून बसलो. मला घरी यायला हवं होतं. नुसतं तिला बोलताना ऐकलं असतं तरी मला कळलं असतं, दादा. दिवसभर तेच तर ऐकतो मी."

मी म्हणालो, "मी दार उघडलं नसतं."

"माहीत आहे. पण मी जिन्यात ओरडलो असतो."

तेवढ्यात कोणीतरी तुला फुंकेमास्तर म्हणून हाक मारली आणि तू नेहमीसारखा वळलास. मी विचारलं, "घरी येतोस?" तू म्हणालास, "बघू." आणि मग, "आता फोन केला तर ठेवू नकोस." बघू म्हणजे काय ते मला कळतं. मी आग्रह केला नाही. तुला माझ्यावर विश्वास ठेवायला कारण नाही आणि मी ते मागतही नाही.

यंत्र काउंटरवर जमा केलं. बाई पोच देत होत्या, मी नको म्हणालो.

आता पाच वाजलेत. आल्यावर मधल्या खोलीतल्या पलंगावरची चादर काढून धुवायला घेतली. तू येशील म्हणून नव्हे, मळली होती. मोठी चादर आहे, पिळायला दोन माणसं लागतात. एक टोक मोरीतल्या नळाला गुंडाळून गाठ मारली आणि दुसरं टोक धरून मागे सरकत पीळ दिला. पाणी बरंच निघालं. मधे एकदा गाठ सुटली, ती पुन्हा बांधली. आता दोरीवर टाकून येतो.

दादा